रविवारची चावी

“तीन जास्त झाल्यात,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंच्या आवाजात काही नव्हतं. बस किती वाजता सुटली हे सांगावं तशा त्या बोलल्या होत्या. हातातला मोजायचा कॅलिपर खारूच्या तोंडातून काढून त्यांनी दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “सव्वासात.” त्यांनी वाचायच्या आधी तीन हातांवरून खारूच्या बापाने तो आकडा वाचला होता. वाचणारच. वीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेली. दुकानदाराचा काटा किती खोटा बोलतो ते सांगायचं आणि पगार घ्यायचा, एवढंच त्याला येत होतं. सव्वासात मिलिमीटर म्हणजे एकोणतीस चाव्या. आज सव्विसावीच्या पुढे एकही असायला नको होती. खुर्चीत त्याची दहा वर्षांची मुलगी आ वासून पडली होती, गळ्याभोवती कागदी रुमाल, छताकडे नजर. खुर्चीच्या एका बाजूला तो उभा होता आणि दुसऱ्या बाजूला खारूची आई, जी दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको होती. दोघांच्या मधे खुर्चीएवढं अंतर होतं, आणि हल्ली त्याहून कमी अंतरावर ती दोघं कधी येत नसत.

प्रकरण साधं होतं. खारूचा वरचा जबडा अरुंद. दातांना जागा नाही, म्हणून ते एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, पुढचे दोन तर खारीसारखे बाहेर. टोपणनाव त्यावरूनच पडलं होतं. तारा लावायच्या आधी जबडा रुंद करायला हवा, असं बाईंनी ठरवलं आणि टाळूला एक धातूची कोळ्यासारखी चौकट चिकटवली. तिच्या मधोमध स्क्रू. स्क्रूला बारीक भोक. त्या भोकात तारेची चावी घालून पुढून मागे ढकलायची, की स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो आणि टाळूची दोन हाडं तेवढी एकमेकांपासून लांब होतात. रोज एक. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, फक्त घड्याळ लेकराच्या तोंडात. पहिली चावी सोमवारी बाईंनी स्वतः दिली आणि दोघांना दोन चाव्या दिल्या, एकेका घरासाठी. “जबडा कुणाकडून आलाय ते सांगायला नकोच,” असं तेव्हा त्या त्याच्याकडे बघून हसल्या होत्या, आणि त्याने नेहमीप्रमाणे ओठ मिटून हसून घेतलं होतं. त्याचे दात कुणी सरळ केले नव्हते. त्याच्या लहानपणी असं काही असतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

“असं कसं होईल?” खारूची आई म्हणाली. तिने पर्समधून कार्ड काढलं. निळ्या पेनाच्या खुणा, रोज एक, ओळीने, शाळेतल्या हजेरीपटासारख्या. “ही बघा. कालपर्यंत सव्वीस. मी एकही दिवस चुकवला नाही.”

“चुकवला नाहीत म्हणूनच तर जास्त झाल्यात,” बाई म्हणाल्या. त्यांना असले विनोद करायची सवय होती. बाहेर बसलेल्या साठीच्या गृहस्थांनाही त्या ‘कॉलेजकुमार’ म्हणत, कारण त्यांनी या वयात तारा लावून घेतल्या होत्या. “अहो, होतं. आया घाईत असतात. दिली की नाही आठवत नाही, मग परत एकदा देतात. आपल्याला अठ्ठावीसच द्यायच्या होत्या, एकच पुढे गेलीय. काही बिघडलेलं नाही. पण आता बंद. मी स्क्रूच्या भोकात मसाला भरून टाकते. दुखत होतं का गं तुला?”

खारूने डोळे हलवले. उत्तर तिच्या आईनेच दिलं. “सोमवारी. दर सोमवारी. तीन सोमवार शाळेतून फोन आला, डोकं धरून बसलीय म्हणून. मला वाटलं शाळेचं टेन्शन असेल.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “म्हणजे माझ्याचकडून झालं असणार. रविवारी संध्याकाळी सोमवारची सगळी तयारी असते, त्या गडबडीत…” तिचा चेहरा लाल झाला होता. ही बाई चुकत नसे. गॅस बंद केला का हे बघायला परत वर जाणाऱ्यांतली ती नव्हती, आणि आता ती आपल्याच खुणांवर बोट ठेवून पहिल्यापासून मोजत होती. सोमवारचं त्याला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. त्याने तोंड उघडलं. ‘मी’ एवढाच शब्द म्हणायचा होता. जीभ टाळूला लागली आणि तिथेच बसली.

“मी दिल्या,” खारू म्हणाली.

टाळूवरच्या त्या सामानामुळे तिचं बोलणं गेला महिनाभर जड झालं होतं, तोंडात लिमलेट असल्यासारखं. पण हे शब्द लख्ख आले. “आरशात बघून. मजा म्हणून. तीनदा.” बाई हसायला लागल्या. “स्वतःच्या हाताने? धन्य आहेस!” आई हसली नाही. मुलीकडे बघत तिने कार्ड घडी करून पर्समधे ठेवलं. आणि तो? तो खुर्चीच्या या बाजूला उभा राहिला, हात पाठीमागे बांधून, तपासणीला गेल्यावर दुकानात उभा राहतो तसा. बाईंनी भोकात मसाला भरला, निळा दिवा मारला, आणि सगळं आटोपलं. आज शनिवार. कार्डावरची सत्ताविसावी चावी त्याची होती. ती आता कुणी देणार नव्हतं.

जिन्यात खारूच्या आईने त्याला थांबवलं. खारू दोन जिने खाली पोचली होती. “हे बघ,” ती म्हणाली, “आज तू रागाव तिला. नीट, समजावून, पण रागाव. चावी कपाटात वर ठेवते मी. खुर्ची लावून काढली असणार. पडली असती म्हणजे? आणि दर वेळी मीच वाईट व्हायचं आणि तू चित्रांची पुस्तकं आणून द्यायची, हे पुरे झालं आता.” तो म्हणाला, “बरं.” एवढं बोलून तो जिना उतरला. आपण ‘बरं’ म्हणालो हे त्याला खालच्या पायरीवर गेल्यावर कळलं, आणि मग आपल्याला असं काही कळतंच नेहमी उशिरा हेही.

बसमधे खारू खिडकीशी बसली. पुढच्या दोन दातांच्या मधे आता चांगली फट पडली होती. पेन्सिलीचं टोक जाईल एवढी. फट पडली की समजायचं हाडं उघडताहेत, असं बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि चाव्या थांबल्या की ती आपोआप मिटेल. तिसऱ्या शनिवारी फट पहिल्यांदा दिसली तेव्हा खारू आरशासमोरून हलेना. तिने त्या फटीतून शीळ घालायचा प्रयत्न केला, नुसतं थुंकीच उडाली, आणि दोघंही पोट धरून हसली. त्याच्या खोलीत कुणी हसल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग. आता ती काचेवर नाक टेकून बाहेर बघत होती. त्याला वाटलं, आत्ता विचारावं. पण पुढच्या बाकावर माणसं होती, मागेही होती, आणि कंडक्टर येत होता. विचारायला न जमण्याची कारणं त्याच्याकडे कधी कमी पडत नसत. संसार मोडला तोही तसाच, भांडणाने नाही. ती विचारायची, “काय झालंय?” आणि तो म्हणायचा, “कुठे काय?” असं सात वर्षं. शेवटी तिने विचारायचंच सोडलं, आणि एक दिवस तो स्वतःचं सामान दोन बॅगांत भरून निघाला तेव्हाही दाराशी ती काही म्हणेल म्हणून तो चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावत राहिला होता.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची आणि खारूसाठी आणलेलं एक घडीचं स्टूल. कप दोन, ताटं दोन. टेबलावर ऑफिसातून बाद झालेल्या पितळी वजनांची पेटी, आत निळी मखमल आणि वजनांना एकेक खळगा. पाचशेपासून एक ग्रॅमपर्यंत. ती चिमट्याने उचलायची, बोटं लावायची नाहीत, घामाने वजन बदलतं, हे त्याने खारूला शिकवलं होतं आणि ती ते अगदी मनापासून पाळत असे. सुरुवातीच्या शनिवारी तीच पेटी त्यांना पुरली. मग पुरेना. शाळा कशी आहे, बरी आहे. बाई काय म्हणतात, काही नाही. मैत्रीण काय म्हणते, ती दुसऱ्या वर्गात गेली. एवढं झालं की दुपारचे बारा वाजत, आणि रविवारी संध्याकाळी सहाला तिला पोचवायची असे. मधल्या तीस तासांचं करायचं काय? आठवडाभर ज्या तासांची वाट बघायची ते आले की दोघंही त्यांच्याकडे पाहुणे आल्यासारखी बघत बसत. ती मोठी होत होती. पूर्वी अंगावर येऊन पडायची, आता स्टुलावर नीट बसायची, गुडघे जोडून. जाताना गालाला गाल लावायची तोही दारात आई उभी असली तर लावायची नाही. त्याला ते लागायचं. पण पोरीला काय सांगणार, की बाई माझ्या अंगाला गेल्या आठवड्यात कुणाचा हात लागलेला नाही, बसमधल्या गर्दीचा सोडून?

आणि मग ती चावी आली. पहिल्या शनिवारी चार वाजता, खिडकीतून ऊन कॉटवर येतं तेव्हा, तो कॉटवर पाय पसरून बसला आणि खारू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. सगळं डोकं. इतकं जड असतं मुलाचं डोकं? तो विसरूनच गेला होता. त्याने टॉर्च मान आणि खांद्याच्या मधे पकडला, एका हाताने तिची हनुवटी आणि दुसऱ्या हातात चावी. भोक दिसेना. “बाबा, पडेल का ती माझ्या घशात?” “नाही गं, दोरा बांधलाय.” चावी बसली, त्याने पुढून मागे ढकललं, आणि तिने डोळे घट्ट मिटून त्याचा अंगठा मुठीत धरला. “पाच मोज,” ती म्हणाली. त्याने मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. नाकाच्या मुळाशी दाब येतो तो पाचपर्यंत ओसरतो, असं तिनेच शोधून काढलं होतं. पाच झाल्यावरही ती लगेच उठली नाही. तशीच पडून तिने छताकडे बघत एक लांबलचक गोष्ट सांगितली, वर्गातल्या कुणीतरी कुणाच्या तरी डब्यात खोडरबर टाकल्याची. शेवट कळला नाही त्याला. मांडीला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही. साडेचारला खारूच्या आईचा मेसेज आला, “दिली?” त्याने लिहिलं, “दिली.” आठवड्यात त्यांच्यात होणारं तेवढंच बोलणं.

ठरलं होतं ते असं : शनिवार त्याचा, बाकी सगळे तिचे. रविवारी खारू घरी गेली की जेवण झाल्यावर आई देणार. गोंधळ नको म्हणून दवाखान्यातच हे सगळं ठरलेलं. पहिल्या रविवारी अडीच वाजता खारूने विचारलं, “किती वाजता निघायचं?” साडेपाचला, तो म्हणाला. तिने घड्याळाकडे बघितलं. मोठी माणसं सभेत बघतात तसं बघितलं आणि परत गुडघे जोडले. ते त्याला बघवेना. तो म्हणाला, “चावी द्यायची का?” आता ही गोष्ट तो मनात कितीही फिरवून सांगत असला तरी शब्द हेच होते. खारू म्हणाली, “आज आई देते ना?” आणि तो म्हणाला, “आज मी देतो. आईला मी सांगतो.” ती उठली, कॉटवर आली, मांडीवर डोकं टेकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग खोडरबरवाल्या पोराचं पुढे काय झालं ते. तासभर कसा गेला कळलं नाही.

सांगायचं होतं त्याला. दारापर्यंत सांगायचंच होतं. पण दार उघडलं तेव्हा खारूच्या आईच्या एका कानाला फोन होता, तिने हातानेच बॅग मागून घेतली आणि “डबा कुठाय?” असं ओठांनी विचारलं. डबा त्याच्याकडेच राहिला होता. एक चूक कबूल केल्यावर पाठोपाठ दुसरी कोण सांगतं? खारूच सांगेल, असं त्याने जिन्यात ठरवलं. ‘बाबाने दिली’ म्हणेल, झालं. पुढच्या शनिवारी त्याने विचारलं नाही. ऑफिसात तो दुकानदाराला सतरा प्रश्न विचारायचा : काटा कधी आणला, शिक्का कधीचा, खाली कागद का लावलाय. इथे एक प्रश्न होता आणि तो त्याने विचारला नाही, कारण उत्तर आलं असतं. दुसऱ्या रविवारी अडीचला तो काही बोललाच नाही. खारू आपणहून स्टुलावरून उठली आणि मांडीवर येऊन पडली. तिसऱ्या रविवारीही. तिने अंगठा जरा जास्त जोरात धरला होता, आणि त्याला, देवा, त्याला त्याचा आनंद झाला होता.

आज खोलीत आल्यावर त्याने उकडलेला बटाटा कुस्करून दिला, अंडं दिलं. तिने निम्मं खाल्लं. चार वाजले. ऊन कॉटवर आलं. त्याने उगाचच खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली. तारेचा एवढासा तुकडा, निळी प्लॅस्टिकची मूठ, मुठीला त्यानेच बांधलेला दोरा. वजनांच्या पेटीशेजारी ती अगदीच फुटकळ दिसत होती. खारू स्टुलावर होती. “आज नाही ना,” ती म्हणाली.

“नाही.”

“कधीच नाही आता?”

“कधीच नाही. भरून टाकलं त्यांनी.” तो थोडा थांबला. “आईने मला तुला रागवायला सांगितलंय.”

“मग रागव ना,” खारू म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. ती खरंच वाट बघत होती, इंजेक्शनच्या सुईची बघावी तशी.

“तू खोटं का बोललीस गं?”

तिने खांदे उडवले. मग म्हणाली, “तू काहीच बोलत नव्हतास. आई सारखी सारखी मोजत होती. कुणीतरी बोलायला नको?”

त्याने बटाट्याची ताटली उचलून परत तिथेच ठेवली. “सोमवारी दुखायचं?”

“हो. इथे. आणि डोळ्यांच्या मागे.”

“मग सांगितलं का नाहीस? आईने दुसऱ्यांदा चावी काढली तेव्हा तरी सांगायचंस.”

“तू म्हणालास आईला मी सांगतो. मग आईने चावी काढली, म्हणजे तू सांगितलं नाहीस. मग मी सांगितलं असतं तर तू खोटा पडला असतास.” तिने हे गणितासारखं, पायरी पायरीने सांगितलं. “म्हणून मी आ केला.”

“आणि पुढच्या रविवारी? तेव्हा तर मी काही बोललोही नव्हतो. तू स्वतःच आलीस.”

खारू पेटीचं झाकण उघडून बघत होती. चिमटा घेऊन तिने एक ग्रॅमचं वजन उचललं, परत खळग्यात ठेवलं. “तुला आवडायचं ना ते,” ती म्हणाली.

तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून तोंड धुतलं. दोनदा धुतलं. मोरीच्या आरशात त्याचे दात दिसत होते, एकमेकांवर चढलेले, तपकिरी, चाळिशीतल्या माणसाचे. आज बाहेर बसलेले ते साठीचे गृहस्थ त्याला आठवले, तारा लावलेले, सगळ्यांकडे बघून तोंडभर हसणारे. त्यांच्याइतकी हिंमत आपल्यात कुठून येणार. त्याला रडू आलं होतं असं म्हणायला हरकत नाही. लेकरू दर रविवारी दोनदा टाळू फाडून घेत होतं, एकदा बापासाठी आणि एकदा आईसाठी, आणि सोमवारी शाळेत डोकं धरून बसत होतं. आणि बापाला काय वाटलं, तर पोरगी आपल्याजवळ येतेय. एखाद्या दुकानदाराने गरिबाच्या साखरेत पाच ग्रॅम मारले तर तो काट्याला सील ठोकून येत असे, गयावया ऐकून घेत नसे. परत बाहेर आला तेव्हा खारू चित्रांचं पुस्तक घेऊन पालथी पडली होती. दोघांनाही एकमेकांची लाज वाटत होती, आणि तेवढ्याशा खोलीत लाज वाटायला जागा कमी होती.

रविवारी अडीच वाजले तेव्हा खारूने पुस्तकातून मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तो खुर्चीवरच बसून राहिला. साडेतीन झाले. मांडीवर काही नव्हतं. हे असंच असणार आहे आता, त्याच्या मनात आलं; दर शनिवारी, दर रविवारी, स्टूल आणि खुर्ची. आणि सांगितलं तर तेही असणार नाही कदाचित. खारूच्या आईला तो ओळखत होता. ती आरडाओरडा करणार नाही. ती एक वाक्य बोलेल आणि ते पाळेल. न सांगितलं तर काही होणार नव्हतं. खारूच्या नावावर एक खोडी जमा, चावी गेली, फट मिटेल, विषय मिटेल. कुणाला कळणार होतं? फक्त ती दोघं हे मधे ठेवून बसतील, दर शनिवारी, आणि दहा वर्षांच्या पोरीला कळून चुकेल की बापाला सांभाळायचं असतं.

साडेपाचला दोघं निघाली. बस, चौक, तिच्या आईच्या इमारतीचा तो पांढरे दिवे लावलेला लांबलचक पॅसेज. दाराशी खारूने बेल दाबली. आईने दार उघडलं, बॅग घेतली, डबा घेतला. “बोललास तिच्याशी?” तिने विचारलं.

“त्या तीन चाव्या मी दिल्या,” तो म्हणाला.

तिने दारावरचा हात काढला नाही.

“रविवारच्या. तुझ्या. तुला सांगतो असं हिला म्हणालो होतो आणि सांगितलं नाही. ही खोटं बोलली ती माझ्यासाठी.”

“बाबा!” खारू ओरडली. तिचा चेहरा रागाने वाकडा झाला. “मी सांगितलं होतं ना मी दिल्या म्हणून! आता मीच खोटी पडले ना!” आणि ती खरंच रडायला लागली, बॅग ठेवायच्या स्टँडला धरून. इतक्या दुखण्यात ती एकदाही रडली नव्हती. तिच्या आईने तिला जवळ घेतलं नाही, त्याच्याकडेच बघत राहिली.

“तीन सोमवार,” ती म्हणाली. “तीनही वेळा अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले. काल त्या बाईसमोर मी चोरासारखी खुणा मोजत होते. तू बघत होतास. एकदाही वाटलं नाही सांगावं?”

“वाटलं.”

“मग?”

“मग तू म्हणाली असतीस, चावी इकडे दे.”

“म्हणाले असते,” ती म्हणाली.

त्याने खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. आता तिचा काहीएक उपयोग नव्हता हे दोघांना माहीत होतं. तिने तो दोरा बघितला, बारीक गाठ मारलेला, टोक जाळून पक्कं केलेला. तिच्या चावीला असा दोरा नसावा. “पुढचा शनिवार राहू दे,” ती शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्याच्या पुढचंही मी कळवते. मला जरा विचार करू दे.”

“बरं,” तो म्हणाला. या वेळी तो शब्द त्याने ऐकून, कळून म्हटला. पॅसेजमधे कुणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्याने चप्पल काढलेलीच नव्हती, त्यामुळे घालायला वेळ लावता येण्यासारखा नव्हता. तो वळला. जिन्याकडे चार पावलं गेला असेल.

“थांब,” खारू म्हणाली.

ती बाहेर आली. डोळे पुसले नव्हते, नाक वाहत होतं. ती त्याच्यासमोर आली, पाठ त्याच्याकडे केली आणि उभ्या उभ्याच मान मागे टाकली. त्याने घाईने दोन्ही हात पुढे केले, नाहीतर ती पडली असती. सगळं डोकं हातात आलं. तिने आ वासला. दिव्याच्या उजेडात टाळूवरची ती चौकट दिसत होती, मधलं भोक बुजलेलं, आणि पुढे दातांमधली फट. चावी नव्हती, टॉर्च नव्हता, करायचं काहीच नव्हतं. तरी ती तशीच राहिली. दार धरून तिची आई उभी होती. ती ‘चल आत’ म्हणाली नाही. खारूने हात वर करून चाचपडत त्याचा अंगठा शोधला, मुठीत घट्ट धरला आणि डोळे मिटले.

“मोज,” ती म्हणाली.

मग तिनेच मोजायला सुरुवात केली, तोंड उघडं ठेवून, जड जिभेने, जितकं सावकाश मोजता येईल तितकं. पाच म्हटल्यावर तिने त्याचा अंगठा सोडला आणि ती आत गेली.